परदेशी पदवीआधीचे ‘फाउंडेशन’ वर्ष : सभासदांनी समजून घ्यावयाच्या गोष्टी



गळीत हंगाम भरात असतो तेव्हा गट ऑफिसात एकच विषय असतो : तोड कधी मिळणार आणि टनेज किती भरले. हंगाम सरत आला की बोलणी बदलतात. बिल कधी जमा होणार, लागणीला बेणे कोणते घ्यायचे, आणि बारावीचा निकाल तोंडावर आला की पोरांचे पुढे काय करायचे. अलीकडे या बोलण्यात एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. तो म्हणजे ‘फाउंडेशन’.

मध्यंतरी आपले एक सभासद गुळगुळीत कागदावर छापलेले एक रंगीत पुस्तक घेऊन आले. म्हणाले, “साहेब, पोराला विलायतेच्या विद्यापीठात घेत्यात म्हणे. पहिलं वरीस फाउंडेशनचं, मग तीन वर्सं डिग्रीची. एजंट म्हणतो जागा हमखास हाय, फकस्त लवकर पैसं भरा. दोन एकर बागायत तारण दिऊ का नको, तेवढं सांगा.”

मुलगा बारावी सायन्सला बसलेला. दहावीपर्यंत गावच्या हायस्कुलात मराठी माध्यमात शिकलेला, गणितात बरा, इंग्रजीत कच्चा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नव्हते. आणखी कितीतरी घरांत हाच प्रश्न शिजत असणार, म्हणून या अंकात तो विषय सविस्तर मांडत आहोत.

हा विषय आता का निघाला?

याचे एक कारण नवी मुंबई. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना ते गाव परके नाही. वाशीच्या बाजारात आपला माल जातो, आणि तिथे हमाली-माथाडीचे काम करणारी आपल्याच भागातली माणसे कोपरखैरणे, घणसोलीला घरे करून राहिली आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्याच भूमीवर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि विमानतळाच्या परिसरात परदेशी विद्यापीठांची ‘एज्युसिटी’ उभारण्याची योजना शासनाने जाहीर केली.

१४ जून २०२५ रोजी मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. स्कॉटलंडचे अ‍ॅबर्डीन विद्यापीठ, इंग्लंडचे यॉर्क विद्यापीठ, ऑस्ट्रेलियाचे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी इस्तितुतो एउरोपेओ दि डिझाइन ही संस्था, अशी ती पाच नावे. या बातमीने खेड्यापाड्यांतही आशा वाढली. आशा वाढली की तिच्यावर धंदा करणारेही वाढतात. तेव्हा मुळात हे फाउंडेशन काय आहे ते आधी पाहू.

जुन्या माणसांना हे नवे नाही

आपल्यातले जे सभासद आज सत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत त्यांना ‘प्री-डिग्री’ आठवत असेल. त्या काळी एस.एस.सी. अकरावीला होती. ती पास होऊन मुलगा कॉलेजात गेला की लगेच पदवीच्या वर्गात बसत नसे. आधी प्री-डिग्रीचे एक वर्ष. शाळेत मराठीतून शिकलेले पोर कॉलेजातले इंग्रजी व्याख्यान ऐकायला, टिपणे काढायला आणि प्रयोगशाळेत हात चालवायला त्या वर्षात शिकत असे. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ साली बारावीची, आणि प्री-डिग्री हा शब्द मागे पडला.

परदेशी विद्यापीठांचे फाउंडेशन म्हणजे त्याच जातीचे वर्ष आहे. एका देशातली शाळा संपवून आलेला मुलगा दुसऱ्या देशाच्या पदवीला बसायला कमी पडत असेल, तर मधली उणीव भरून काढण्यासाठी केलेली तयारी. साधारण नऊ महिने ते एक वर्ष. ऊसवाल्याच्या भाषेत सांगायचे तर एक डोळा लावून ट्रेमध्ये वाढवलेले रोप. ते रोपवाटिकेत तगले, मुळी धरली, की मग सरीत लावायचे. रोप चांगले असणे महत्त्वाचे आहेच, पण आपल्या रानाला रोपाची गरज आहे की टिपरी लावूनही भागेल, हे शेतकरी आधी पाहतो. इथेही तेच पाहायचे आहे.

उणीव नेमकी कशाची?

उणीव तीन प्रकारची असते.

पहिली, वर्षांची आणि विषयांच्या खोलीची. इंग्लंडमधले मूल पाचव्या वर्षी शाळेत जाते आणि अठराव्या वर्षी ‘ए लेव्हल’ची परीक्षा देते. म्हणजे शाळेची तेरा वर्षे होतात. शेवटची दोन वर्षे ते बहुधा तीनच विषय घेते, पण खोलवर शिकते. म्हणून तिथली पदवी तीन वर्षांत आटोपते. आपल्याकडे शाळा बारा वर्षांची आणि बारावीला विषय जास्त. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सची पदवी चार वर्षांची, अमेरिकेतही चार वर्षांची, त्यामुळे तिथे वर्षांचा हा फरक फारसा आड येत नाही. ऑस्ट्रेलियात शाळा बारा वर्षांचीच आहे. म्हणजे वर सांगितलेल्या पाच संस्था पाच देशांच्या रिवाजातून आलेल्या आहेत. ‘परदेशी विद्यापीठ’ असा एकच गठ्ठा करून चालणार नाही.

दुसरी उणीव भाषेची. ती सांगायला नको.

तिसरी उणीव अभ्यासाच्या पद्धतीची, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे गाईडमधले उत्तर पाठ करून जसेच्या तसे लिहिले तर गुण मिळतात. तिथे दुसऱ्याचा मजकूर नाव न सांगता उतरवला तर तो गुन्हा समजतात आणि शिक्षा होते. चार पुस्तके वाचून, कोणाचे म्हणणे काय ते सांगून, मग स्वतःचे मत दहा पानांत मांडायचे. वर्गात मास्तरांना उलट प्रश्न विचारायचा. प्रयोग फसला तर का फसला ते लिहायचे. चांगल्या फाउंडेशनमध्ये इंग्रजी, गणित आणि शाखेचे विषय यांच्या जोडीला हेच शिकवतात. त्या वर्षाचा खरा कस यातच आहे.

सगळ्यांनाच ते लागते का?

नाही. ही गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. इंग्लंडमधली बरीच विद्यापीठे आपल्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश देतात. अट असते ती गुणांची, इंग्रजीच्या परीक्षेची आणि ठरावीक विषयांची. कुठे केंद्रीय मंडळाला एक टक्केवारी आणि राज्य मंडळांना दुसरी, असेही असते. प्रत्येक विद्यापीठ भारतासाठीची आपली अट प्रसिद्ध करते. आपले गुण तिच्यात बसत असतील तर फाउंडेशनचे वर्ष आणि त्याचा खर्च दोन्ही वाचतात.

जर्मनीची रीत निराळी आहे. तिथे या तयारीच्या वर्षाला ‘श्टुडियनकोलेग’ म्हणतात. दोन सत्रांचा अभ्यास, तांत्रिक, वैद्यकीय, अर्थशास्त्रीय असे वेगवेगळे वर्ग, आणि शेवटी पात्रता ठरवणारी परीक्षा. सरकारी श्टुडियनकोलेगमध्ये साधारणपणे शिकवणी फी नसते, सत्राची किरकोळ वर्गणी असते. पण आत जायलाच प्रवेशपरीक्षा आहे आणि ती जर्मन भाषेत. शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चापोटी व्हिसासाठी एका खास खात्यात पैसे ठेवून दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. दुसरी वाटही आहे. बारावीनंतर इथल्याच मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पुरे केले, तर त्याच शाखेसाठी तिथे थेट अर्ज करता येतो. म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजातले एफ.वाय. हेच त्या मुलाचे फाउंडेशन ठरू शकते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडेही परदेशी मुले येतातच

फाउंडेशन म्हणजे ढ मुलांसाठीचे वर्ष, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. उलट बाजूने पाहिले की हे चटकन कळते. आफ्रिका, आखाती देश, मॉरिशस येथून पुण्याला शिकायला मुले कित्येक वर्षांपासून येत आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचे डॉ. शां. ब. मुजुमदार हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, हे त्यांच्या पाहण्यात आले. परक्या मुलखात या पोरांचे कोण आहे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंबायोसिस’ संस्था सुरू झाली. लगेच १९७२ साली इंग्रजी शिकवणारी तिची वेगळी शाखा निघाली. कारण अरबी किंवा फ्रेंचमधून शिकून आलेल्या मुलाला इथल्या कॉलेजात बसण्याआधी इंग्रजीचा पाया हवा होता.

ती मुले हुशार नव्हती असे थोडेच आहे? एका शिक्षणपद्धतीतून दुसरीत जाताना माणूस अडखळतोच. मात्र या गोष्टीतून आणखी एक गोष्ट कळते. पाया नुसता भाषेचा नसतो. आजारपणात कोण पाहील, जेवणाचे काय, एकटे पडल्यावर बोलायचे कोणाशी, हाही त्या पायाचाच भाग असतो. आपला मुलगा पाठवताना हा विचार आईबापांनी आधी करावा.

हिशेब उसाच्या भाषेत

आता पैशाकडे वळू. इंग्लंडमध्ये फाउंडेशनची नुसती फी साधारण १५ ते २५ हजार पौंड असते. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून शंभरच धरू. कमीत कमी १५ हजार पौंड म्हणजे १५ लाख रुपये झाले. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने १५ लाखांना सुमारे ४२२ टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर साडेदहा एकरांचा सगळा ऊस. यातून तोडणी-वाहतूक वजा केलेली नाही, खत, पाणी, मशागत धरलेली नाही. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, विमानाचे भाडे वेगळे. आणि एवढे करून अजून पदवीचा एक दिवसही झालेला नाही. पुढची तीन वर्षे उभीच आहेत.

“पोरगा तिकडं काम करून भागवील,” असे काही जण म्हणतात. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. पदवीच्या खालच्या पातळीवरील अभ्यासक्रमाला फक्त १० तास. स्वतंत्र फाउंडेशन ही पदवीखालची पातळी आहे. दहा तासांच्या कमाईत फी भागणार नाही.

“सरकारी शिष्यवृत्ती मिळेल,” असेही सांगतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या योजना चांगल्या आहेत आणि गरजू मुलांनी त्यांचा जरूर लाभ घ्यावा. पण त्या पदवीनंतरच्या उच्च शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहेत, फाउंडेशनसाठी नाहीत. राहता राहिले कर्ज. मोठ्या रकमेला बँक तारण मागणार, सात-बारावर बोजा चढणार. तो उतरवायला किती हंगाम लागतील ते प्रत्येकाने आपल्या पाण्याच्या आणि टनेजच्या मानाने ठरवावे.

‘हमखास’ या शब्दाचा अर्थ

सभासदांनी आणलेल्या त्या पुस्तकात ‘हमखास पदवी प्रवेश’ असे मोठ्या अक्षरांत होते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की फाउंडेशनच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळाले, इंग्रजीत ठरलेली पातळी गाठली, हजेरी भरली, तरच. अमुक शाखेला गुण आणखी जास्त. म्हणजे हमखास हे अटींसकट हमखास. अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलगा पदवीच्या दारात उभा राहतो आणि व्हिसाची मुदत संपत येते.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमधली पुष्कळ फाउंडेशन केंद्रे विद्यापीठाच्या आवारात, विद्यापीठाच्या नावाने, पण खाजगी कंपन्यांमार्फत चालतात. त्यात गैर काही नाही, शिकवणे चांगलेही असू शकते. पण अशा केंद्राचे प्रमाणपत्र कुठे फक्त त्याच विद्यापीठात चालते, कुठे मोजक्या दुसऱ्यांत. तसेच, मुलगा पाठवल्याबद्दल एजंटाला तिकडून कमिशन मिळते. म्हणून त्याचा सल्ला आपल्याला फुकट पडतो. बियाणे विकणाऱ्याला ‘कोणते बियाणे घेऊ’ असे विचारल्यावर तो शेजारच्या दुकानाचे नाव सांगत नाही, हा आपला अनुभव इथेही धरावा.

मग नवी मुंबईत आले की सोपे होईल?

विमानभाडे वाचेल, व्हिसा लागणार नाही, पोरगे सणाला घरी येईल. हे फायदे मोठे आहेत. पण तीन उणिवा आपण पाहिल्या त्या अंतरामुळे आलेल्या नाहीत. विद्यापीठ पनवेलला आले म्हणून इंग्रजी सोपे होत नाही आणि गाईड पाठ करण्याची सवय आपोआप सुटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली परदेशी विद्यापीठांच्या भारतातल्या शाखांसाठी नियम केले. त्यातले चार आपल्या कामाचे आहेत. प्रवेशाचे निकष आणि फी ते विद्यापीठ स्वतः ठरवते. मात्र प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी त्याने माहितीपत्रक जाहीर करावयाचे असते आणि त्यात फी, फी परत मिळण्याचे नियम, जागा, पात्रता हे सारे द्यावयाचे असते. इथे दिलेली पदवी त्याच्या मूळ देशातल्या पदवीसारखीच मानली गेली पाहिजे. आणि जाहिरातबाजीसाठी गल्लोगल्ली अभ्यासकेंद्रे किंवा फ्रँचायझी काढायला मनाई आहे. तेव्हा ‘आम्ही त्या विद्यापीठाचे तालुका केंद्र आहोत’ असे कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. आणि इरादापत्र मिळणे म्हणजे वर्ग भरणे नव्हे. पूर्ण परवानगी आहे का, हे आयोगाकडून पाहूनच अर्ज करावा.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या मुलाच्या बारावीवर थेट प्रवेश मिळतो का? नसेल तर नेमके काय कमी पडते?

२. फाउंडेशन कोण चालवते : विद्यापीठ की दुसरी कंपनी?

३. पुढच्या प्रवेशासाठी किती गुण लागतात, कोणत्या शाखेला किती? हे लेखी द्याल का?

४. नापास झाला तर पुन्हा बसता येते का? किती वेळा? खर्च किती?

५. हे प्रमाणपत्र आणखी कोणती विद्यापीठे मानतात?

६. व्हिसा नाकारला किंवा घरी अडचण आली तर फीपैकी किती रक्कम परत मिळते?

७. फाउंडेशन धरून पदवी संपेपर्यंतचा एकूण खर्च किती?

या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाकडून थेट लेखी मागवावीत. एजंटाच्या तोंडी शब्दावर जमीन गहाण टाकू नये.

घरचे फाउंडेशन

शेवटी त्या सभासदांचे काय झाले ते सांगतो. मुलाला बोलावून विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अटी त्याच्याकडूनच वाचून घेतल्या. वाचताना त्याला घाम फुटला, पण अर्थ कळला. थेट प्रवेशाला त्याचे इंग्रजी कमी पडत होते, गणित पडत नव्हते. त्याने बापाला सांगितले, “दादा, एका इंग्रजीपायी दोन एकर कशाला? ते मी हितंच शिकतो.” यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालायचे, रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा, आणि वर्षअखेर परदेशाचा विचार पुन्हा करायचा, असे बापलेकांनी ठरवले. पुस्तक गट ऑफिसातच ठेवून गेले. पुढे तो जाईल किंवा जाणारही नाही. पण गेला तर आपली उणीव कोणती हे जाणून जाईल, आणि सात-बारा कोरा ठेवून जाईल.

प्रत्येकाने असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या मुलीला किंवा मुलाला खरोखर त्या वर्षाची गरज आहे, खर्चाची ऐपत आहे, आणि ज्याने वरचे सात प्रश्न विचारून समाधान करून घेतले आहे, त्याने जरूर पाठवावे. मुलगी हुशार असेल तर मुलाच्या आधी तिचा विचार करावा. आपल्या भागातली पोरे जगात कुठेही कमी पडणारी नाहीत. फक्त पाया कुठे आणि किती खोल घ्यायचा, हे घर बांधणाऱ्याने ठरवावे. विटा विकणाऱ्यावर सोडू नये.

ज्या सभासदांच्या घरी असे कागद आले असतील त्यांनी सही करण्याआधी ते आपल्या मुलामुलींकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत. बारीक अक्षरांतलेसुद्धा.